डॉक्टरांच्या हुकुमावरून पवित्र

माझा आवाज बसला तेव्हा घरात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर उरलेला आवाज मी वर्तमानपत्रावर, महानगरपालिकेवर आणि आमच्या चर्चच्या कमिटीवर खर्च करत होतो. एवढ्या वापराने काहीही बसलं असतं. एस्तेरने, म्हणजे माझ्या बायकोने, ज्येष्ठमधाची कांडी हातात दिली. नागपुरात बेसातल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर घशाचा एक तज्ज्ञ राहतो हे मला तेव्हा कळलं. संत्री बंद करा, असं सगळ्यांचं मत पडलं. चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन घशासाठी प्रार्थना करून गेले. ती इतकी लांबली की शेवटी त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

दिवाळीत बसलेला आवाज नाताळ आला तरी उठेना. नाताळच्या उपासनेत गीत म्हणायला तोंड उघडलं, तर वंगण न घातलेल्या दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी बाहेर पडलं. पुढच्या बाकावरच्या बाई वळून दाराकडे बघायला लागल्या. घरी येताना रिक्षात एस्तेर म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे चला. आता मले हे ठीक नाही वाटून राहिलं."

आवाज पाहिला तो दिवस

धंतोलीतल्या त्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून एक बारीक नळी घातली. टोकाला कॅमेरा होता. समोरच्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, उघडत आणि मिटत. ज्या आवाजावर मी साठी ओलांडली, तो एवढासा होता. त्यातल्या डाव्या पट्टीवर एक खरखरीत डाग होता. भिंतीला ओल यावी तसा.

"हा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "मग तपासायला पाठवू."

एस्तेरने मी टाळत होतो तो प्रश्न विचारला. "कॅन्सर आहे का?"

डॉक्टर आमच्याकडे न बघता कॉम्प्युटरवर काहीतरी लिहू लागले. "रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही."

"आणि तसं निघालं तर?"

तसं निघालं तर पुढची शस्त्रक्रिया मोठी, असं ते म्हणाले. त्यात स्वरयंत्रच काढावं लागू शकतं. तसं नाही निघालं, तरी आवाज पहिल्यासारखा येईलच याची खात्री नाही. शिवाय ऑपरेशननंतर काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो.

"एक शब्द बी नाही?" एस्तेरने विचारलं.

"एकही नाही."

तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, ती खरी होती. पण त्या प्रश्नाच्या सुरात मला निव्वळ दुःखच ऐकू आलं असं म्हणता येणार नाही.

वॉर्डातले महाराज

शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी मुलांची पांढरी पाटी आणि स्केच पेन ठेवलेलं होतं. शेजारच्या खाटेवर गुलाबराव होते. सावनेरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या नाकाचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबले होते. श्वासाला तोंड एवढी एकच वाट उरली होती, आणि ती वाट ते बोलण्यासाठी वापरत होते.

"काहून जी, बोलून नाही राहिले? आमच्यावर राग आहे का?"

मी पाटीवर लिहिलं, "बोलायला मनाई."

त्यांनी पाटी लांब धरली, जवळ धरली. "चष्मा पोरीजवळ राहून गेला माझा. राहू द्या. तुम्ही आराम करा, मीच बोलतो."

आणि ते बोलले. खाण, जावई, सावनेरची सून आणि नागपूरची सून यांच्या स्वयंपाकातला फरक, जावई पुन्हा. दुपारी भेटायला त्यांचे गावाकडचे नातेवाईक आले. एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण होय?"

गुलाबराव म्हणाले, "मौन आहे त्यायचं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण बाईंनी पदर सावरला आणि मी पाय आखडता घेण्याआधी त्यावर डोकं टेकवलं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात पाटी, अडवणार कसा? त्यांच्यामागे उरलेले रांगेने आले. कोणी उशाशी केळी ठेवली. एका बाईने विचारलं, "पोराचं लगन जमन का जी औंदा?" मी हताश होऊन छताकडे पाहिलं. ती बाहेर जाताना समाधानाने सांगत होती, "वर पाह्यलं त्यायनं. जमते."

एस्तेर पेजेचा डबा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "चर्चमध्ये सांगू का हे?"

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत "नको" लिहिलं. तिने केळी उचलून डब्याच्या पिशवीत टाकली.

पाटीचे नियम

ज्यांच्यावर असा प्रसंग येणार असेल त्यांना थोडी पूर्वकल्पना देतो. तुम्ही मुके झालात की लोक तुम्हाला बहिरेही समजतात आणि मोठ्याने बोलतात. काहीजण उलट कुजबुजत उत्तर देतात, जणू दोघांचा घसा गेला आहे. फोन वाजला की तुम्ही सवयीने उचलता आणि मग समोरच्याच्या "हॅलो, हॅलो" कडे असहायपणे बघत बसता.

टोमणा हा तोंडाचा प्रकार आहे, हाताचा नाही. मी टोपण काढून, मुद्दा नेमका करून, पाटी फिरवेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. पुसताना मलाच वाटायचं, बरं झालं, फार चांगला नव्हता. आणि एस्तेरच्या बाबतीत तर पाटी पूर्णपणे तिच्या मर्जीवर होती. मी तिच्या भाजीबद्दल काही लिहिलं की ती म्हणायची, "चष्मा नाही आता." चहा हवा असं लिहिलं की चष्म्याशिवाय वाचता यायचं.

रिपोर्ट येईपर्यंत

आता जरा सरळ लिहितो. मी घाबरलो होतो. मरणाला कमी, गळ्याला भोक पाडून उरलेलं आयुष्य काढण्याला जास्त. चहाचा घोट तोंडात घेऊन गिळायला विसरायचो. एस्तेर समोर बसून साडीला इस्त्री करायची आणि ती झाली की तीच साडी पुन्हा पसरायची. आम्ही दोघांनी एकमेकांना हे करताना पाहिलं आणि कोणीच काही म्हणालं नाही. मी म्हणू शकत नव्हतो, ती म्हणत नव्हती.

आमच्यात नवस करत नाहीत. हे मी पूर्वी अनेकांना बऱ्याच तोऱ्यात सांगितलं होतं. त्या आठवड्यात मी देवाशी जे काही करत होतो त्याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. जीभ आवरीन. बुधवारच्या प्रार्थना सभेला नियमित जाईन. कमिटीत कोणाची नक्कल करणार नाही. पाळकसाहेबांचा रविवारचा संदेश घड्याळाकडे न बघता ऐकेन. शेवटचं वचन देताना मी जरा थांबलो, म्हणजे बघा, घाबरूनही शुद्ध होती.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "वाईट नाही. बिघडण्याच्या वाटेवर होतं, पण पोचलं नव्हतं. सगळं निघालंय. आता आवाज किती येतो ते बघू."

एस्तेर रडली. मी पाटीवर "थँक्यू" लिहिलं आणि पाटी डॉक्टरांऐवजी भिंतीला दाखवली.

गंमत घरी आल्यावर लक्षात आली. मी ती सगळी वचनं देत होतो तेव्हा घशातून काढलेला तुकडा बाटलीत पडलेला होता, आणि तो जसा होता तसा आधीच होता. माझ्या एकाही वचनाने त्यात केसभर फरक पडला नसता. कृपा हा शब्द मी लहानपणापासून गीतांत म्हणत आलो आहे. कृपा म्हणजे फुकट, हेही ठाऊक होतं. पण फुकट म्हणजे आपण त्यात काहीच घातलेलं नाही, हे मास्तरला पचायला जड जातं. मास्तरला कशाचे तरी गुण द्यायचे असतात. स्वतःला द्यायला मी खूप शोधलं. पाटीवरचं सुवाच्य अक्षर सोडलं तर काही सापडलं नाही.

मग प्रश्न उरला वचनांचा. ती काही कामाची नव्हती हे सिद्ध झालं होतं, तेव्हा सोडून द्यायला हरकत नव्हती. मी सोडून पाहिली. कमिटीच्या चिटणिसाचा फोनवर संदेश आला, त्यात चारही ओळींत "सन्माननीय" होतं. उत्तर मनात तयार झालं, बोट अक्षरांवर होतं. आणि पाठवावंसं वाटेना. भीतीने नव्हे, भीती तर गेली होती. सणाला नवा शर्ट मिळाल्यावर माणूस लगेच तो घालून स्कूटर दुरुस्त करायला बसत नाही, तसं काहीसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते वाटणं गेलं आणि मी उत्तर पाठवलं. पवित्र जीवनाची माझी वाटचाल साधारण या गतीने चालू होती.

पाळकसाहेबांचा दृष्टान्त

आमच्या मंडळीने मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. मी रविवारी उपासनेला जायचो, कोपऱ्यात बसायचो, कोणी काही विचारलं की मान हलवायचो. कमिटीच्या बैठकीत पहिल्यांदाच सगळे ठराव एकमताने झाले. लोक एकमेकांना सांगू लागले की आजाराने वसंत सर पार बदलले. काहीजण घरी येऊन मन मोकळं करून जाऊ लागले. मध्ये न बोलणारा माणूस किती शहाणा वाटतो याची मला कल्पना नव्हती. गुलाबरावांच्या पाहुण्यांनी जे केलं होतं तेच आमच्या लोकांनी केलं. फक्त पाया पडले नाहीत, आणि केळीही आणली नाहीत.

एका रविवारी पाळकसाहेबांनी पवित्र जीवनावर संदेश दिला. "कृपा मिळालेला मनुष्य कसा ओळखावा?" त्यांनी विचारलं, आणि पुरेशी शांतता होऊ दिली. "बंधुभगिनींनो, त्याच्या जिभेवरून! आपले बंधू वसंतराव पहा. पूर्वीचे वसंतराव आठवा."

सगळ्यांनी आठवले. चेहऱ्यांवरून दिसत होतं.

मी पाटीवर "डॉक्टरांचा हुकूम आहे" असं लिहून पाटी उंच धरली. पाळकसाहेबांना इतक्या लांबचं दिसत नाही. त्यांना ते बायबलमधलं एखादं वचन वाटलं असावं. "आमेन," ते म्हणाले, आणि सगळी मंडळी म्हणाली, "आमेन."

एस्तेर काय म्हणाली

त्या दुपारी मी रागाने पाटी भरून टाकली. एस्तेर मेथी निवडत होती. तिने पाटी घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि बाजूला ठेवली.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमचा आवाज यावा म्हणून मी उपास केले. दर शुक्रवारी. तुम्हाले सांगितलं नाही."

मी मान हलवली.

"पण हे बी खरं आहे का मले या दिवसांत बरं वाटून राहिलं. मी बोलायला लागली की बोलणं संपेपर्यंत मीच बोलते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. पहिले मी अर्ध्यात असली का तुम्ही शेवट करून टाकत. लोक हसत. मी बी हसे. तुम्ही वाईट नाही बोलत, गमतीचंच बोलता. पण माझं राहून जाते नं."

मी पाटीकडे हात नेला. तिने ती मेथीच्या काड्यांखाली सरकवली.

"मले भीती काय वाटते, सांगू? आवाज येईन. देव देईन, मले माहीत आहे. पण तो येईन तेव्हा पहिलेचाच माणूस घेऊन येईन का सोबत?"

मी मेथी निवडायला घेतली. ती म्हणाली, "कोवळ्या काड्या नका फेकू."

मोजून मापून

आवाज आला. तो डॉक्टरांच्या खोलीत आला आणि पहिला शब्द "आ" होता, कारण तोच म्हणायला सांगितला होता. जाडसर, फाटका, पण दाराचा नव्हे, माणसाचा. मला रडू आलं. त्याचा आवाजही नवाच होता. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं की सुरुवातीला दिवसातून थोडंच बोलायचं, थकवा वाटला की थांबायचं, ओरडायचं नाही, खाकरायचं नाही.

माझ्यासारख्याला आवाज असा रेशनवर मिळाला की विचित्र प्रकार होतो. प्रत्येक वाक्य तोंडाशी येऊन रांगेत थांबतं. त्यातली किती वाक्यं न बोललेलीच बरी असतात हे रांगेकडे पाहून कळतं. कळलं म्हणून मी सगळी अडवली असं समजू नका. लिफ्टच्या देखभाल समितीबद्दल एक उत्तम वाक्य मी पहिल्याच दिवशी खर्च केलं आणि संध्याकाळी एस्तेरला "भात छान झालाय" हे खुणेने सांगावं लागलं.

फ्लेक्स

आजारातून उठलेल्या माणसाच्या घरी आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा होते. गीतं, वाचन, बऱ्या झालेल्याची साक्ष आणि मग चहा-चिवडा. ही रीत मला मनापासून आवडते. पण तरुण संघाने इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव टाकला आणि गेटवर फ्लेक्स लावला. त्यावर माझ्या निवृत्तीच्या समारंभातला फोटो होता, हारासकट. खाली "मौनातून पावित्र्याकडे". शेजारी, शोभेसाठी, एक पेटलेली मेणबत्ती.

नव्या वॉचमनने टोपी काढली आणि एस्तेरला विचारलं, "सर केव्हा गेले जी?"

"वर आहेत," एस्तेर म्हणाली. "चहा पिऊन राहिले."

सभेत पाळकसाहेबांनी माझी ओळख करून दिली. तिथे जमलेले सगळे मला वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यामुळे ती नवी वाटली. मग मला साक्षीसाठी उभं केलं. सकाळपासून मी आवाज राखून ठेवला होता.

"मी गप्प होतो, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हणालो. "पवित्र वगैरे झालेलो नाही. रिपोर्ट चांगला आला, आवाज आला. दोन्हीसाठी मी काहीच केलं नव्हतं. मिळालं. आता त्याचं काय करायचं ते शिकतो आहे, आणि फार चांगलं जमत नाहीये. एस्तेरला विचारा. बसतो."

एस्तेर खाली बघत होती. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "पाहिलंत?" ते हळूच म्हणाले. "किती ही नम्रता."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं अगदी मनापासून होतं. हात जोडले आणि बसलो.

कोंबडी

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघं मांडवातच खुर्च्यांवर बसलो. उरलेला चिवडा मध्ये होता. एस्तेर म्हणाली, "आमच्या सावनेरच्या चर्चात एकदा कापणीच्या उपकारस्तुतीले कोंबडी शिरली होती. भर संदेश चालू असताना. मी लहान होती..."

ही गोष्ट मला पाठ होती. आमच्या लग्नापासून ती इथपर्यंत यायची, आणि इथे मी म्हणायचो, "आणि पाळकांनी तिचा बाप्तिस्मा उरकून घेतला." लोक हसायचे. गोष्ट संपायची. वाक्य आताही रांगेत पहिलंच उभं होतं आणि बोलण्यापुरता आवाज शिल्लक होता.

"मग?" मी म्हणालो.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी चिवडा खात होतो.

"मग काय," ती जरा सावकाश म्हणाली. "आमचीच होती ती कोंबडी. एकच होती. मले टायफाइड झाला होता, त्यातून उठली मी, म्हणून आईनं कापणीच्या सणाले अर्पणात नेली. तेव्हाचे पाळकसाहेब म्हणे, बाई, वापस न्या, पोरीले अंडी खाऊ घाला. आई म्हणे, नाही. पोरगी तर भेटलीच मले, हे काही तिच्या बदल्यात नाही आणली. आणली म्हणजे आणली. तेवढ्यात ते सुतळी सोडवून पळाली नं, वेदीपर्यंत."

तिला टायफाइड झाला होता हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या कोंबडीचा बाप्तिस्मा मी कितीदा केला, आणि ती कोणासाठी आली होती हे कधी विचारलं नाही.

"मग?"

"मग दरवर्षीसारखा लिलाव झाला अर्पणाचा. पाळकसाहेबांनीच घेतली. अन् खाल्ली."

यावर मला बसल्या जागी निदान तीन वाक्यं सुचली, तिन्ही चांगली होती. घसा दुखायला लागला होता. "आईंना वाईट वाटलं?" मी विचारलं.

"छे. ते नवीन होते, पुण्याकडचे. आई म्हणे, त्यायच्या घरी फिक्कंच करतीन. तिनं पाट्यावर मसाला वाटला अन् माझ्याच हातून पाठवला."